मनकर्णाबाईंचा विजेचा नेम

चातुर्मासात कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा. सावरगावच्या मनकर्णाबाईंनी यंदा विठ्ठलापुढे वेगळाच नेम धरला होता. चार महिने घरातली वीज वाचवायची! त्याच दिवशी त्यांनी तिन्ही जुने बल्ब काढून एलईडी लावले.

उद्या कार्तिकी एकादशी. देवळात भजनी मंडळाच्या बायांसमोर "नेम पार पडला" असं म्हणायचं होतं. सकाळी सून केतकी मीटर पाहून आली.

"आई, युनिट कमी नाही झाले. वाढले."

"काहीतरीच! मीटर बिघडलं असन. एलईडी लावले ना आपण?"

"बल्ब चांगलेच आहेत वो. जुन्या एका बल्बाच्या विजेत हे सहा जळतात."

"मग?"

"मग आपण आणखी लावलेच ना तितके! पहिले तीन होते, काम झालं का तुम्ही लगेच बंद करत. आता नऊ झाले. गोठ्यातला पहा, भर उन्हात काहून जळून राहिला?"

"तो खाते तरी किती?"

"दिवसरात्र खाऊन राहिला ना! म्हैस काय पोथी वाचते तिथं?"

मनकर्णाबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. देवघरात, तुळशीजवळ, मोरीत, सगळीकडे बल्ब चालूच होते. पूर्वी त्या हातातलं काम टाकून बटण बंद करायला उठायच्या. एलईडी आले आणि उठणंच थांबलं. नेम धरला त्यांनी, पाळायला सांगितलं बल्बाला!

ओसरीवरून त्यांचे यजमान नत्थूजी म्हणाले, "काहून जीव जाळतेस? देवळात कोण मीटर पाहाले येते?"

"ज्याच्यापुढं शब्द दिला, त्याच्याशी कसं खोटं बोलू?"

दुसऱ्या दिवशी देवळात त्यांची पाळी आली.

"बायांनो, माझा नेम मोडला. बल्ब बदलला, पण माझी सवय बिघडली. आजपासून पुन्हा धरते. आता याचं उद्यापन नाही, जन्मभर चालणार."

मग भजनी मंडळातली जयवंता हळूच म्हणाली, "मनकर्णाबाई, माझ्याही घरी तसंच आहे वो. मीही धरते."

वाचकहो, एलईडी वीज वाचवतो, यात शंका नाही. पण खोलीतून बाहेर पडताना बटणाकडे हात आपलाच जायला हवा. ते काम कुठलाही बल्ब आपल्यासाठी करत नाही.