पायलचं नाव कोणी नेलं?

अंजनगाव सुर्जीत चतुराबाईंच्या ओसरीवर सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. फोनमधली बाधा उतरवणारे महाराज आले होते आणि बाधा होती चतुराबाईंच्या लेकीच्या, पायलच्या फोनमध्ये.

अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजची यादी लागली होती. महाराजांच्या फोनवर पायलचं नाव दिसायचं, तिच्या स्वतःच्या फोनवर नाही. महाराजांनी तिचा फोन भगव्या फडक्याखाली धरला, "ॐ फट्, सिग्नल फट्" पुटपुटून अंगारा फुंकला, आणि नाव आलं! बायांनी हात जोडले. पुन्हा फडकं, पुन्हा फुंकर, आणि नाव गेलं.

"जे नाव नेते, ते जीवबी नेते," महाराज डोळे फिरवत म्हणाले. "अमावस्येपर्यंत पोरीनं उंबरठा ओलांडू नये."

प्रवेश पक्का करायला तर आजच संध्याकाळपर्यंत अमरावतीत पोचायचं होतं. नाहीतर जागा गेली. पण चतुराबाईंनी अंगणाच्या दाराला आतून कडी घातली होती. पायलही घाबरली होती. बारावी शिकली म्हणून काय झालं? स्वतःचं नाव डोळ्यांदेखत पुसलं गेलं होतं. तरी तिने कॉम्प्युटर शिकवणाऱ्या साधना मॅडमना फोन केला होता.

मॅडम मागच्या दाराने, गर्दीतून वाट काढत आल्या.

"महाराज, फडकं काढून करा."

"उघड्यावर करणाऱ्यावर उलटते ते!"

"पायल, मंग तू कर. ते विमानाचं चिन्ह दाब, थांब, पुन्हा दाब. आता यादी उघड."

पायलने यादी उघडली. 'नाव आढळले नाही.'

"पाह्यलं? उलटलं!" महाराज ओरडले. चतुराबाईंनी किंकाळी फोडून लेकीला कवटाळलं.

"सोडा तिले. पायल, अजून एकदा."

पायलने डोळे मिटून चिन्ह दोनदा दाबलं, यादी उघडली, तर नाव समोर होतं. ना अंगारा, ना मंत्र.

"आपल्या भंडाऱ्यात रोडग्याच्या तीन पंगती बसतात," मॅडम म्हणाल्या. "दारावरचा माणूस येणाऱ्यांले वाटून देते, एकाच वाढप्यावर भार नको म्हणून. कॉलेजच्या यादीचंही तसंच. गर्दीसाठी कॉलेजनं काल यादी दाखवणारं तिसरं मशीन जोडलं, अन् त्यावर नवी यादी टाकायचीच राह्यली. मी कॉलेजवाल्याइले विचारलं. पायलचा फोन नेमका त्याच पंगतीत बसला. फोनचं नेट बंद-चालू केलं की दारावरचा माणूस नवा पाहुणा समजून कधी दुसरीकडे बसवते. महाराज फडक्याखाली तेच करत होते."

महाराजांना एकाएकी बाळापूरच्या भक्तांची आठवण झाली. चपलाही न घालता ते मागच्या दाराने निघाले.

"मंग मी इतकी भेली कोणाले व?" चतुराबाईंनी विचारलं. "पंगतीले?"

कोणी हसलं नाही. सगळेच भ्याले होते. न कळलेल्या गोष्टीची भीती वाटते, त्यात लाज नाही. पण हात जोडण्याआधी फडकं तेवढं उचलून बघावं, जाणत्याला विचारावं, स्वतः करून पाहावं.

चतुराबाईंचे हात अजून गार होते. त्या हातांनीच त्यांनी कडी काढली.

"चाल पोरी, एस्टी जाईन."