चिकटवायची रीत

डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला, यंत्र बाजूला सारलं आणि मान हलवली.

"प्रकृती ठणठणीत आहे. पण त्या गर्भनिरोधक पॅचचा नाद सोडा. घामानं सुटतात ते. गोळ्याच बऱ्या."

समोरची बाई औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायची. सोळा वर्षं हेच काम.

"गोळ्या दोनदा चुकल्या. शिफ्ट बदलली की सकाळ कुठली न् रात्र कुठली, माझं मलाच कळत नाही. दोन पोरं आहेत. पुढच्या महिन्यात मला लाइनची मुख्य करताहेत. आता तिसरं नको."

हे सगळं तिनं आवाज न उतरवता सांगितलं. डॉक्टरबाईंना ते आवडलं. पण आवडणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं.

"सुटतात म्हणजे कुठून? कडेनं की मधून?" तिनं विचारलं.

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"कडेनं," डॉक्टरबाईंनी अंदाजानं ठोकून दिलं.

"मग अंगालाच काहीतरी असणार. आंघोळीनंतर क्रीम लावतात का त्या बायका?"

हे डॉक्टरबाईंनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्यांनी खणातला नमुन्याचा, औषध नसलेला पॅच तिच्यापुढे केला.

तिनं दंड कोरडा पुसला. अर्धा कागद सोलला, गोंदाला बोट न लावता पॅच टेकवला, मग उरलेला कागद काढला. तळहात दाबून दहा आकडे मोजले आणि कडेकडेनं बोट फिरवलं.

"क्रीम नको, पावडर नको. बाटलीचेसुद्धा एवढे लाड करावे लागतात, हे तर अंग आहे."

तिनं दंड जोरात हलवला. पॅच जागचा हलला नाही. डॉक्टरबाईंना तिचं मनापासून कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही. हे सगळं पाकिटातल्या पत्रकात छापलेलं होतं. त्यांनी ते वाचलंही होतं. पेशंटला मात्र 'चिकटवा' म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या.

त्यांनी मुकाट्यानं तीन महिन्यांचे पॅच लिहून दिले.

"दर आठवड्याला ठरल्या वारी बदलायचा. तीन आठवड्यांनंतर एक आठवडा सुट्टी."

"एवढी सुट्टी कारखान्यात मिळाली तर!" बाई हसत उठली.

ती गेल्यावर डॉक्टरबाईंनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली नाही. त्यांनी एका शिक्षिकेचा नंबर शोधून काढला. गेल्या वर्षी तिचा पॅच सुटला होता, दिवस गेले होते. ती रडत आली, तेव्हा 'एवढंही सांभाळता येत नाही?' असं त्यांनी तिला नवऱ्यादेखत सुनावलं होतं.

फोन उचलला गेला. पलीकडे तान्हं बाळ कुरकुरत होतं.

"डॉक्टर बोलतेय. चूक तुमची नव्हती. पॅच कसा लावायचा, ते मीच तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं."

पलीकडून बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

"थांबा, डॉक्टर," ती म्हणाली. "ह्यांना बोलावते. हेच पुन्हा एकदा सांगा."