फळ लागेपर्यंत

माझे सासरे जमीन मोजायचे. उभी नोकरी मोजणी खात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही म्हणून घरं मोजायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहाला उकळी यायच्या आत खिशातून फीत काढून त्यांनी सांगितलं की स्वयंपाकघराचा ओटा डावीकडे सव्वा सेंटिमीटर उतरलाय. तेव्हापासून त्या ओट्यावर ठेवलेला कांदा घरंगळतो का, हे मी अधूनमधून बघतो. घरंगळतो. असा माणूस आमच्याकडे कायमचा राहायला यावा असं मला मुळीच वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

बायकोला मात्र तेच हवं होतं. सासूबाई गेल्यावर ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. वय अठ्ठ्याहत्तर. एकदा पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. मोडलं काही नाही, पण बायकोच्या जिवाला घोर लागला. दर रविवारी आम्ही जायचो, दर रविवारी ती विषय काढायची आणि ते म्हणायचे, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे ती लहानपणापासून ओळखून होती.

डॉक्टरांनी त्यांचं लोणी बंद केलं, म्हणून एका रविवारी ती पावाला लावायला ॲवोकाडो घेऊन गेली. सासऱ्यांनी खाल्ला, "साबणाला मीठ लावून दिलंस का?" असं विचारलं आणि बी तेवढी धुऊन ठेवली. पुढच्या रविवारी पाहतो तर खिडकीत पाण्याचा ग्लास, आणि पोटात तीन टूथपिक खुपसलेली ती बी ग्लासच्या काठावर टेकून अर्धी पाण्यात बसलेली.

"बाबा, आता एकदाचं सांगा," बायको म्हणाली. "कधी येणार तुम्ही आमच्याकडे?"

"या झाडाला फळ लागलं की."

"नक्की?"

"ज्या आठवड्यात लागेल त्याच आठवड्यात. शब्द देतो."

सासऱ्यांनी दिलेला शब्द मोडला असं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. बायको हरखून गेली. जिना उतरताना मला म्हणाली, "चार-पाच महिने लागतील, नाही?" मी म्हटलं, "लागतील." मला तरी कुठे काय माहीत होतं? टोमॅटोला तेवढेच लागतात.

दीड महिना बी ढिम्म हलली नाही. मग तिला मधोमध चीर गेली, खालून मूळ आलं, वरून लालसर कोंब. सासऱ्यांनी ती कुंडीत लावून गॅलरीत ठेवली आणि दर सोमवारी फितीनं उंची मोजून मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ, आकडा आणि तारीख टाकायला सुरुवात केली. वर्षभरात रेघा माझ्या छातीपर्यंत आल्या. फळाचं नाव नव्हतं.

बायको शेवटी एका रोपवाटिकेत चौकशीला गेली. मी सोबत होतो. तिथल्या बाई हातातली कात्री न थांबवता म्हणाल्या, "बीपासून लावलंय? मग दहा वर्षं धरा. कुंडीत असेल तर तीही धरू नका."

बायकोचा चेहरा बघवेना. "बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. माहीत होतंच. ग्रंथालयात बसून माहिती काढल्याशिवाय ते साधी छत्रीसुद्धा घेत नाहीत. आपल्या बापानं आपल्याला गोड बोलून गुंडाळलं, याचं तिला रडू आलं. मला मनातून त्यांचं कौतुक वाटलं आणि हायसंही वाटलं. पण ते फार टिकलं नाही, कारण बाईंनी विचारलं, "कलम का करत नाही? फळाला आलेल्या झाडाची काडी देते. दोन-तीन वर्षांत मोहर येईल."

बायकोनं डोळे पुसले आणि माझ्या हातांकडे बघितलं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर लोक तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून आम्ही कॅपा करतो. कॅप आणि दात यांच्यात केस जाईल एवढीही फट राहून चालत नाही. कलमाचंही तसंच आहे, असं बाईंनी समजावलं: झाडाचा शेंडा छाटायचा, बुंध्याला उभी चीर द्यायची, काडीचं टोक पाचरीसारखं तासून सालीला साल लागेल अशी आत बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. आता मी काखा वर केल्या असत्या तर घरात राहणं कठीण झालं असतं. त्याच महिन्यात सासऱ्यांना ताप आला. बायकोनं त्यांना आठवडाभर आमच्याकडे आणलं आणि झाडाला पाणी घालायच्या निमित्तानं मला किल्ली देऊन तिकडे पिटाळलं. मी कलम केलं. चांगलं झालं, असं माझं मलाच म्हणावं लागेल. त्या आठवड्यात सासऱ्यांनी आमचे तीन दरवाजे ओळंब्यात नसल्याचं दाखवून दिलं.

घरी परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा फीत काढली.

"जावईबापू, मागच्या सोमवारी एकशे बारा होतं. आज एकोणसाठ."

"शेंडा वाळला होता, बाबा. काढून टाकला."

"आणि ही पट्टी?"

"जखमेला."

"उंचीनं खाली येणारं झाड जन्मात पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले आणि भिंतीवर एकशे बाराच्या बरंच खाली एकोणसाठ लिहिलं. पुढे चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सुटलो.

अडीच वर्षांनी मोहर आला. पिवळट हिरवा, बारीक, झुबकेच्या झुबके. बायकोनं त्या दिवशी पाच जणांना फोन केले. पुढच्या रविवारी गेलो तर झाडावर काही नाही. "वारा फार होता," सासरे म्हणाले. बायकोला ते पटलं. त्या गॅलरीत वारा कसा तो येत नाही, हे मला माहीत होतं, पण मी तोंडात मूग धरून बसलो.

पुढच्या वर्षी पुन्हा मोहर. एका बुधवारी लॅबमधून लवकर सुटलो, म्हणून त्यांची औषधं द्यायला गेलो. दार लोटलेलंच होतं. सासरे गॅलरीत झाडासमोर खुर्ची टाकून बसले होते. एकेक फांदी बोटांनी चाचपत झुबका सापडला की नखानं खुडत होते आणि मांडीवरच्या वर्तमानपत्रात टाकत होते. माझी चाहूल लागली तसे थांबले.

"मोहर जास्त झाला की झाडाला भार होतो," ते म्हणाले.

"होत असेल," मी म्हणालो.

घरी मी काही सांगितलं नाही. मला ते यायला नको होते आणि त्यांना यायचं नव्हतं. जावयाचं आणि सासऱ्याचं इतकं एकमत क्वचितच होत असेल. बायको मात्र रविवारच्या रविवारी त्या उघड्या फांद्यांमध्ये फळ शोधत राहायची, आणि ते बघणं मला जड जायला लागलं होतं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी बायकोला पडसं झालं, म्हणून रविवारी मी एकटाच गेलो. सासरे आत चहा टाकत होते. मी गॅलरीत उभा होतो, आणि दोन पानांच्या बेचक्यात मला फळ दिसलं. वाटाण्याएवढं, हिरवंगार, देठाला धरून असलेलं.

माझा हात पुढे गेला, हे खोटं कशाला सांगू? अंगठ्याचं काम होतं. कुणाला कळलंही नसतं. पण मग मला वाटलं, हे यांच्याकडून राहिलं कसं? त्यांची खुर्ची तिथेच होती, आणि फळ खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. मी मागच्या भिंतीकडे बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांच्या रेघा एकमेकींवर पडल्या होत्या. आकड्यांवर आकडे गिरवलेले. त्यातला एकही वाचता येत नव्हता.

"बाबा," मी हाक मारली. "फळ लागलंय."

ते कप घेऊन बाहेर आले. "शक्य नाही. मी सगळं काढलंय."

"एक राहिलंय."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. ते भलतीकडेच बघत राहिले. शेवटी मी त्यांच्या हातातला कप घेतला, त्यांचं बोट धरलं आणि फळावर टेकवलं. ते त्यांनी दोन बोटांत धरून ठेवलं. आता खुडतात, असं मला वाटलं. त्यांनी खुडलं नाही.

"डोळे कधीपासून?" मी विचारलं.

"उजवा गेल्याला वर्ष झालं. डाव्यानं कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. दाखवलं डॉक्टरला. आता काही होणार नाही म्हणाले."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर पोरीनं त्याच दिवशी उचलून नेलं असतं." ते खुर्चीत बसले. "आता तिला सांगा, फळ लागलंय. पुढच्या रविवारी येतो. डोळ्यांचं मी सांगेन, तुम्ही बोलू नका."

घरी येऊन मी बायकोला फळाचं सांगितलं. ती पडसं विसरली. आठवडाभर तिनं लहान खोली रिकामी केली, पडदे धुतले, पलंग खिडकीजवळ नेला, पुन्हा भिंतीजवळ आणला. तिला इतकं खूश मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला नव्हता, पण तो झाल्यासारखं दाखवायला मी कमी पडलो नाही.

शनिवारी सकाळी मी सामान बांधायला गेलो. सासऱ्यांच्या दोन बॅगा तयार होत्या. गॅलरीत गेलो, तर फळ फांदीवर नव्हतं. कुंडीतल्या मातीत पडलं होतं. बारीक फळं आपोआप गळतात, हे रोपवाटिकेतल्या बाई बोलल्या होत्या. मी ते उचलून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं.

"पडलं, बाबा. आपोआप पडलं."

त्यांनी ते तळहातावर अंगठ्यानं फिरवून बघितलं.

"म्हणजे आता तुम्ही शब्दातून सुटलात," मी म्हणालो. "राहायचं असेल तर राहा. तिला मी समजावतो." हे मी त्यांच्या भल्यासाठी म्हणत होतो आणि माझ्याही. दोन्ही खरं होतं.

"तिनं अजून पाहिलं नाही ना हे?" त्यांनी विचारलं.

"नाही. उद्या बघणार."

"तुमच्या लॅबमध्ये दात चिकटवायचं काहीतरी असतं ना?"

"असतं. कशाला?" मी विचारलं.

"मंगळवारी दूध गरम करायला ठेवलं," ते म्हणाले. "मला वाटलं गॅस पेटलाय. पेटला नव्हता. वास आला तेव्हा बटण सापडेना. सापडल्यावर तासभर बाहेर जिन्यात जाऊन बसलो. मला भीती वाटते हो इथे. पण पाच वर्षं नको-नको म्हणतोय. आता कुठल्या तोंडानं सांगू तिला, की मला ने म्हणून?"

मला फार वाईट वाटलं. आपण याच माणसाला राहा म्हणालो, याची लाजही वाटली. मी लॅबमध्ये जाऊन कॅपा चिकटवायचं सिमेंट आणलं. काडीच्या टोकानं थेंबभर लावलं, देठाला देठ जुळवला आणि सुकेपर्यंत फळ चिमटीत धरून बसलो. सासरे शेजारी खुर्चीत बसून होते. जोड कुठे दिसत नव्हता.

रविवारी बायको धापा टाकत जिना चढली ती थेट गॅलरीत. "अगं बाई, खरंच की!" ती ओरडली. हात लावायला निघाली, तेव्हा मी म्हणालो, "राहू दे, नाजूक असतं." तिनं सासऱ्यांचा दंड धरून त्यांना झाडाजवळ आणलं.

"बघा बाबा! हरलात की नाही? केवढं गोड दिसतंय!"

"हो, दिसतंय ना," सासरे हसून म्हणाले. "कालच्यापेक्षा मोठं वाटतंय आज."

बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग ते जिकडे बघत होते तिकडे तिनं बघितलं. तिथे कपडे वाळत घालायची रिकामी दोरी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, फळाकडे पुन्हा बघितलंच नाही, आणि दंडावरचा हात खाली नेऊन त्यांचा पंजा आपल्या हातात घट्ट धरला.

"चला," ती म्हणाली. "मी आहे पुढे."