पात्यावरचा सांधा

मास्तर गेले ते काम अर्ध्यावर टाकून. टर्बाइनचं पातं मशीनवर चढवलेलं, त्याची अर्धी पाठ गुळगुळीत झालेली, आणि छातीत कळ आली. मरता मरताही या माणसाने आधी मशीन बंद केलं!

शेजारच्या टेबलावर त्यांची बायको मशीन चालवायचे प्रोग्रॅम लिहायची. ती कामावर परतली तेव्हा पातं तसंच होतं, हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

"भंगारात टाकू," मालक म्हणाले. "मधेच तुटलेल्या कामाचा सांधा दिसणारच."

"त्यांचं शेवटचं काम भंगारात? मी जिवंत असताना तरी नाही."

वळणदार पृष्ठभागावर धातू कापणारं टूल कसं न्यायचं, यावरून नवरा-बायकोचं जन्मभर वाजलं. ती आडवं न्यायची. ते तिरकं, टूल जरासं कलतं ठेवून. "तुमचं टूल कामाला निघालंय की फिरायला?" ती डिवचायची. "वेळ लागू दे, पण बोटाला रेघ लागता कामा नये," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भाजीत मीठ नसलं तरी चालायचं, आडवा मार्ग चालायचा नाही.

आता तिने हट्ट सोडला. प्रोग्रॅममध्ये त्यांचाच तिरका मार्ग पुढे वाढवला, टूलचा कलही त्यांचाच ठेवला. सुरुवात थोडी मागून घेतली, म्हणजे टूल त्यांच्या भागावरून निसटतं सरकत नव्या भागावर उतरेल. मशीन चालू असेपर्यंत तिचा हात थांबवायच्या बटणावरून हलला नाही.

तपासणीला धाकटा दीर होता. त्याने पात्यावरून बोट फिरवलं. "वहिनी, दादाचं कुठे संपलं हो?"

तिने डोळे मिटून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. सापडेना. आणि मग तिच्या लक्षात आलं. आपल्या पद्धतीने आडवं कापलं असतं तर रेघ राहिली असती, पातं नापास झालं असतं आणि ती ते घरी नेऊ शकली असती. ते जिथवर आले होते ती जागा तिने आपल्याच हाताने पुसली होती. सगळ्यांसमोर ती ढसाढसा रडली.

दीर जवळ आला. "नापास करू का, वहिनी? कुणाला कळणार नाही. घेऊन जा घरी."

तिने पदराने डोळे पुसले.

"नको, भावजी. त्यांचं काम कधी नापास झालंय?"

पातं तिने स्वतः कागदात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली.