मावशीबाईंना अवकाशात कोणी सोडलं?

विमा कंपनीच्या कचेरीत त्यांना सगळे अवकाशराव म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दिवसभर लोकांच्या फुटक्या काचांचे आणि भिजलेल्या गाद्यांचे दावे तपासायचे, संध्याकाळी घरी येऊन कागदावर ताऱ्यांकडे यानं सोडायची. "मी करमणूक करत नाही, मी विज्ञान लिहितो," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की आता बायकोच ते त्यांच्या आधी पूर्ण करायची.

त्यांची नवी कादंबरी चक्क खपली. प्रकाशकाचाच यावर विश्वास बसेना. वाचनालयाने लगेच कार्यक्रम ठेवला: लेखक वाचणार आणि मग वाचकांशी गप्पा. अवकाशरावांनी वाचायला कृष्णविवराजवळ प्रकाश कसा वाकतो ते प्रकरण निवडलं आणि आरशासमोर तालीम केली.

"अहो, लोक झोपतील," बायको म्हणाली.

"झोपू देत. जे जागे राहतील ते माझे वाचक."

तरी रिकाम्या खुर्च्यांची धास्ती होतीच. म्हणून त्यांनी बायकोला बजावलं, "मिळेल त्याला घेऊन ये. आईंनाही आण. पहिल्या रांगेत बसव. टाळ्या कुठे वाजवायच्या ते मी डोळ्यांनी खुणावतो."

आई म्हणजे सासूबाई. त्या लेकीकडेच राहत. जावयाचं पुस्तक त्यांनी वाचायला मागितलं होतं, तेव्हा अवकाशराव म्हणाले होते, "त्यात फार विज्ञान आहे, आई. उगाच डोकं दुखेल." सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि जावयाने चालू ठेवलेला बाथरूमचा दिवा बंद करायला निघून गेल्या.

खुर्च्यांची काळजी फुकट गेली. सभागृह इतकं भरलं की बालविभागातल्या बुटक्या खुर्च्या आणाव्या लागल्या, आणि दोन धिप्पाड गृहस्थ गुडघे हनुवटीला लावून बसले. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राध्यापक. विज्ञानकथा ही साहित्याची बालवाडी आहे असं ते उभा जन्म सांगत आले होते. आज त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं, "मी हे पुस्तक चाळलं आहे, आणि ते चाळण्यासारखं आहे." अवकाशरावांनी पहिल्या रांगेला डोळ्यांनी खुणावलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग वाचन सुरू झालं. प्रकाश वाकू लागला आणि त्याबरोबर लोकांच्या मानाही. खोकल्यांची लाट आली. तिसऱ्या पानावर मागून कोणीतरी ओरडलं, "मावशीबाईंचं वाचा ना!"

"हो, मावशीबाई, मावशीबाई!" सगळं सभागृह जागं झालं.

अवकाशरावांचा चेहरा पडला. मावशीबाई हे त्यांनी पानं भरायला घातलेलं पात्र. शास्त्रज्ञांनी भरलेल्या यानात कप्तानाची एक दूरची मावशी शिरते, कारण तिला नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. ती प्राणवायूच्या टाक्या चमच्याने ठोकून बघते, रिकामी चालणारी यंत्रं बंद करत फिरते, आणि "बाहेर एवढा अंधार फुकट पडलाय, आत दिवे कशाला?" असं विचारते.

"ते दुय्यम पात्र आहे," अवकाशराव म्हणाले. "माझा मुख्य विषय..."

"दुय्यम?" मधल्या रांगेतून एक परिचारिका उठली. ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली होती. हातातलं पुस्तक वापरून वापरून खिळखिळं झालं होतं. "तुम्हाला नसेल वाचायचं तर मी वाचते." आणि तिने सुरुवातच केली.

इंजिनाची नळी तुटते. शास्त्रज्ञ वाद घालत बसतात. मावशीबाई मनगटावरचे रबरबँड काढून नळी बांधतात आणि म्हणतात, "भांडून झालं की हात धुऊन जेवायला या." लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. सासूबाईही हसत होत्या. रबरबँड आले तेव्हा मात्र त्यांचं हसू थांबलं. त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथे चार रबरबँड होते. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक पंख्याकडे बघत होती.

"एवढं सोन्यासारखं माणूस," परिचारिका म्हणाली, "आणि तुम्ही तिला मारलंत! कोणीतरी उघडं टाकलेलं दार लावायला ती यानाबाहेर जाते काय, दोरी सुटते काय! आणि पुढचं वाक्य ऐका. 'यानात शांतता पसरली. कप्तानाने कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.' हे वाचून मी पुस्तक भिंतीवर फेकलं. का मारलंत, सांगा."

अवकाशरावांनी चष्मा पुसला. "कथेची गरज होती."

"कोणाची गरज?"

हा आवाज पहिल्या रांगेतून आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"आई, खाली बसा," अवकाशराव दबक्या आवाजात म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

"बसते हो. एवढंच सांगा, ती दोरी कोणी बांधली होती?"

"कप्तानाने."

"तरीच. त्याला मेल्याला बुटाची नाडी बांधता येत नाही अजून."

क्षणभर कोणाला कळेना. मग परिचारिकेने सासूबाईंच्या मनगटाकडे पाहिलं, अवकाशरावांच्या पायांकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! म्हणजे या..."

पुढे जो गोंधळ झाला त्याला अध्यक्ष आवरू शकले नाहीत. लोकांनी सासूबाईंना उचलूनच मंचावर नेलं म्हणा ना. दार कोणी उघडं टाकलं होतं, टाक्या चमच्यानेच का, कप्तानाला लग्नाच्या वेळी त्यांनी पसंत केलं होतं का, असे प्रश्न आले. शेवटच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "मुलीने केलं." अवकाशराव सही करायला पेन उघडून बसले. रांग लागली ती सासूबाईंसमोर. त्या प्रत्येक पुस्तकावर जपून, छोट्या अक्षरात सही करत होत्या. अवकाशरावांकडे एकच गृहस्थ आले. त्यांना प्रसाधनगृह कुठे आहे ते हवं होतं.

प्रकाशकाने अवकाशरावांना कोपऱ्यात घेतलं. "दुसरा भाग. लगेच. मावशीबाई हव्यात."

"अहो, बाई निर्वात पोकळीत गेलीय! विज्ञानाने ते शक्य नाही."

"तुम्ही विज्ञानकथाकार ना? मग करा काहीतरी."

 घरी जेवणं झाल्यावर अवकाशराव सासूबाईंच्या खोलीच्या दारात घुटमळले. त्या पुस्तक वाचत बसल्या होत्या. परिचारिकेने आपली प्रत त्यांना देऊन टाकली होती.

"आई, गैरसमज नको. ते पात्र काल्पनिक आहे."

"मी काही म्हटलं का?"

"नाही, म्हणजे... राग आला असेल."

सासूबाईंनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. "मरणाचा नाही हो आला. मी म्हातारी, कधीतरी जायचीच. पण तो मोकळा श्वास लिहिताना तुम्ही थांबला नाहीत कुठे. बाकी सगळीकडे अडखळलात. तेवढं एक वाक्य कसं सरळ आलंय बघा."

 बरीच वर्षं समीक्षकांकडून ऐकायची अवकाशरावांची इच्छा होती की आपलं एखादं तरी वाक्य अस्सल आहे. ते आज असं ऐकायला मिळालं. 

दुसरा भाग त्यांनी लिहिला. मावशीबाई पोकळीत कशा तगल्या हे समजावताना सबंध प्रकरण खर्ची पडलं. तापमान, दाब, गोठलेलं बाष्प, समीकरणंसुद्धा. प्रकाशकाने ते प्रकरण काढलं आणि त्या जागी एक ओळ घातली: "मावशीबाई परत आल्या."

एकाही वाचकाने हरकत घेतली नाही. निवृत्त प्राध्यापकांनी तर वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं की अवकाशराव अखेर लेखक झाले आहेत, आणि त्यांची ही एक ओळ मराठी विज्ञानकथेची सर्वांत धाडसी झेप आहे.