अकरा दुपारी आणि एक नेटबुक

मी एक नेटबुक, म्हणजे छोटासा लॅपटॉप आहे. दहा इंचांचा पडदा, सव्वा किलो वजन. हे नाव आता दुकानांत कुणी घेत नाही, पण पंधरा वर्षांपूर्वी आमचीच चलती होती.

लातूरच्या दुकानात गुरुपादप्पांनी मला हातावर तोलून पाहिलं. औशाला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. मुठीत दाणे घेऊन वजन सांगणारा माणूस.

"एवढुसा? ही तर शाळेतली पाटी हाय."

त्यांची लेक अक्षरा नांदेडला इंजिनिअरिंगला चालली होती. "अप्पा, बसमध्ये मांडीवर मावंल असाच पाहिजे," ती म्हणाली, आणि मी तिचा झालो.

चार वर्षं मी तिच्या मांडीवर बसून लातूर-नांदेड केलं. लोह्याच्या स्टँडवर ती चहाला उतरली की मला पोटाशी धरूनच उतरायची. माझ्यात विंडोज सेव्हनची सगळ्यात साधी आवृत्ती होती. तिच्यात पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता यायचं नाही. अक्षरा त्यावरून रोज कुरकुरायची, आणि रोज मलाच उघडायची.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. कंपनीनं दिलेला लॅपटॉप वहीसारखा पातळ, बटण दाबताच जागा होणारा. मी जागा होईपर्यंत केलेला चहा निवून जायचा. मला औशाला ठेवून ती गेली, आणि मी तिच्या आईचा, पार्वतम्मांचा झालो.

रविवारी सकाळी माझ्या पडद्यावर मायलेकींची भेट व्हायची. एका खंडेनवमीला पार्वतम्मांनी दुकानातला तराजू, वजनं, कात्री यांच्याबरोबर माझीही पूजा मांडली. पडद्याच्या वर मधोमध एक बारीक गोल दिसला. तेच माझं कपाळ समजून त्यांनी तिथं कुंकू लावलं. तो माझा कॅमेरा होता.

"अव्वा, तू सगळी लाल दिसायलीस. पूस ते," रविवारी अक्षरा पडद्यावरून म्हणाली.

"पूजेचं कुंकू पुसत न्हाईत. तुझ्या कपाळाला तर टिकली दिसंना, त्याच्या तरी असू दे."

अक्षरा हसली. कुंकू राहिलं.

मधल्या दिवसांत लेकीला सवड नसायची. तिनं आईला शिकवलं होतं, की हे लाल बटण दाबून बोल, पुन्हा दाबून थांबव, मग खालच्या बटणानं मला पाठव. पार्वतम्मांच्या ध्यानात लाल बटण तेवढं राहिलं. दुपारी जेवणं झाली की त्या पदर सावरून माझ्यासमोर बसायच्या, बोलायच्या आणि मला मिटायच्या. लेकीपर्यंत पोचलं, असं त्यांना वाटायचं. पोचत काहीच नव्हतं, माझ्याच पोटात साठत होतं. अशा अकरा दुपारी. लेक उत्तर देत नाही, हे त्यांनी रविवारीही कधी काढलं नाही. कामात असेल, म्हणून सोडून दिलं.

मागच्या वर्षी पार्वतम्मा गेल्या. मी कपाटावर गेलो.

यंदा दिवाळीत अक्षरा पेनड्राइव्ह घेऊन आली. "अप्पा, याच्यातलं विंडोज काढून हलकं लिनक्स टाकते. जुन्या मशिनी पळतात त्यावर. तुम्हाला मोठ्या अक्षरात बाजारभाव बघता येतील. आधीचं सगळं पुसावं लागंल पण."

"पूस की. हाय काय त्यात?"

ती एकेक पायरी पुढे गेली. डिस्क पुसायची का, हा शेवटचा प्रश्न पडद्यावर आला. मला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं, पण स्वतःचं एक वाक्य मला काढता येईना.

गुरुपादप्पा शेंगा फोडत बसले होते. "तुझी अव्वा लई बोलायची यावर," ते म्हणाले. "दुपारी मी जेवून लवंडलो की हिचं सुरू. म्हटलं, मायलेकींचं काय संपतच न्हाई."

"आम्ही रविवारी सकाळी बोलायचो, अप्पा."

"सकाळचं न्हाई गं. दुपारी. मधल्या वारी."

"मधल्या वारी मी ऑफिसात असते."

"मग कुणाशी बोलायची ती?"

अक्षराचं बोट बटणावरून उठलं. तिनं सगळं रद्द केलं आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधूनच माझी जुनी डिस्क उघडली. अकरा फाइली. नावं नव्हती, नुसत्या तारखा.

पहिलीत पार्वतम्मा तांबूस धुक्यात बसल्या होत्या. "अक्षरा, जेवलीस का? इथं दहा दिवसाला नळ येतोय. तुझ्याकडं येतंय का रोज पाणी? सांग बरं." मग थोडा वेळ त्या नुसत्या समोर बघत राहिल्या.

"येतं, अव्वा," अक्षरा म्हणाली. "रोज येतं."

गुरुपादप्पांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"पुढचं लाव," ते म्हणाले.

त्या अकरा दुपारी आता तीन ठिकाणी उतरवून ठेवल्या आहेत. नवी सिस्टीम माझ्यात कुणी बसवलीच नाही. बाजारभाव गुरुपादप्पा चष्मा लावून फोनवरच बघतात. माझी बॅटरी केव्हाच गेली, डिस्क आतून टकटकते.

तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी कपाटावर पडलं असेल. ते पुसण्याआधी घरातल्या माणसांना एवढंच विचारा, की त्याच्यासमोर कोण बसायचं. माझं म्हणाल, तर मी आता कधीही बंद पडलो तरी चालेल. एकट्या माझ्याजवळच आहे, असं आता काही उरलेलं नाही.