किलोमीटरला चाळीस पैसे

नंजुंडय्यांना कुणी सहज ‘काय, कसं काय?’ विचारलं तरी ते ‘किलोमीटरला चाळीस पैसे’ असं उत्तर देत. तब्येतीचं उत्तर त्यानंतर मिळायचं, तेही समोरचा तोवर थांबला तर. विजेची गाडी घेतल्यापासून त्यांचं हे असं झालं होतं आणि बसवनगुडीतल्या लोकांनी गांधीबाजारात त्यांना टाळून पलीकडच्या फुटपाथने जायला सुरुवात केली होती.

विशालाक्षम्मांना मात्र टाळता येत नव्हतं. त्या त्यांच्या बायको होत्या.

तीस-एक वर्षं या बाईंनी स्कूटरच्या मागे बसून काढली. मांडीवर भाजीची पिशवी, एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने नवऱ्याचा खांदा. माहेर मागडीला, म्हणजे फार लांब नाही, पण तिथवर स्कूटर नेली तर टायर झिजतात असं नंजुंडय्यांचं मत असल्यामुळे त्या नेहमी बसनेच जात. परत निघताना म्हातारी अम्मा काठी टेकत स्टँडवर सोडायला यायची. मागच्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, बस हलता हलता ती खिडकीशी आली आणि म्हणाली, “विशालू, नवरा रिटायर होतोय ना? मग एकदा स्वतःच्या गाडीतून ये. मला शेजारी बसव आणि गावातून एक फेरी मार. मग मी जायला मोकळी.” बस सुटली, अम्मा मागे राहिली, आणि विशालाक्षम्मा पार शहर येईपर्यंत डोळे पुसत होत्या. त्यांना गाडीची हौस नव्हती हो. त्यांना ती एक फेरी हवी होती.

नंजुंडय्या वीज मंडळातून रिटायर झाले, फंडाचे पैसे आले, आणि ते चार दारांची साधी पेट्रोलची गाडी आणायला म्हणून घरून निघाले. वाटेत गाड्यांचं प्रदर्शन लागलं. तिथे टाय लावलेल्या एका मुलाने त्यांना दोन दारांच्या, बिस्किटाच्या डब्याएवढ्या गाडीत बसवलं आणि चाळीस पैशांचा मंत्र दिला. किंमत साधारण चार दारांच्या गाडीइतकीच होती, दारं तेवढी निम्मी. पण सरकार सूट देणार होतं, येत्या बजेटात. रस्त्यारस्त्यावर चार्जिंगचे खांब लागणार होते, येत्या पाच वर्षांत. बॅटऱ्या तीन वर्षांनी बदलाव्या लागणार होत्या, पण तोवर त्या स्वस्त होणार होत्या. सगळं होणारच होतं, झालेलं काहीच नव्हतं. पण जन्मभर मंडळात ‘लाइट येतीलच’ असं लोकांना सांगून नंजुंडय्यांचा भविष्यकाळावर विश्वास बसला होता. घरी येऊन त्यांनी बायकोला हिशेब समजावला, की अकरा वर्षांनंतर आपण निव्वळ फायद्यात आहोत. विशालाक्षम्मांच्या मनात आलं, अकरा वर्षांनंतर अम्मा कुठे आहे?

घर दुसऱ्या मजल्यावर, खालचा मजला आणि खालचा मीटर घरमालक गुंडण्णांचा. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडावी लागे. गाडी आणि डोशाचं पीठ वाटायचा ग्राइंडर एकदम लावले की फ्यूज उडायचा. तेव्हा घरात नियम झाला, ज्या दिवशी गाडी खाणार त्या दिवशी माणसांनी उपमा खायचा. गुंडण्णा रोज सकाळी वायरकडे बघून विचारायचे, “काय नंजुंडय्या, म्हैस बांधली का? दूध किती देते?” नंजुंडय्या ताबडतोब आकडा सांगायचे. टोमणा कळायला आधी हिशेब बाजूला ठेवावा लागतो, ते त्यांच्याने होत नव्हतं.

गाडीत बसल्यावर तर आणखी मजा. एसी लावायचा नाही, वीज खातो. पंखा लावायचा नाही. रेडिओ फुकट आला होता, पण वाजवणं फुकट नव्हतं. बुल टेंपल रोडचा चढ आला की नंजुंडय्या अगदी गोड आवाजात म्हणत, “विशालू, उतरतेस का जरा?” मग विशालाक्षम्मा उतरून चालायला लागत आणि बऱ्याचदा चढाच्या माथ्यावर गाडीची वाट बघत उभ्या राहत. भाजीवाली म्हणायची, अम्मा, नवी गाडी आल्यापासून तुमचं चालणं वाढलं, तब्येत छान झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसा प्रकार सगळा.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, ती इतकी सोपी आहे की ‘आमच्या घरातली बाईसुद्धा चालवेल’, असं नंजुंडय्या चारचौघांत बोलून गेले. गुंडण्णा म्हणाले, चालवून दाखवा. झालं, गाडीची लाज राखायची म्हणून नंजुंडय्यांनी बायकोला नॅशनल कॉलेजच्या मैदानावर नेऊन गाडी शिकवली. विशालाक्षम्मा पहिल्या आठवड्यातच त्यांच्यापेक्षा बरी चालवू लागल्या. लायसन्सही निघालं. त्यानंतर नंजुंडय्यांनी त्यांना किल्ली दिली नाही, कारण बायका ब्रेक फार दाबतात आणि ब्रेक दाबला की वीज वाया जाते.

दसरा आला. विजयादशमीला मागडीला जायचं ठरलं. अम्माला निरोप गेला, गाडी घेऊन येतोय. धाकटा भाऊ शेषाद्री फोनवर म्हणाला की अम्माने कपाटातून रेशमी साडी काढून उन्हात टाकली आहे आणि रोज विचारते, किती दिवस राहिले?

नंजुंडय्यांनी पंधरा दिवस आधीपासून रस्त्याचा अभ्यास केला. चढ किती, उतार किती. भरलेली गाडी दोघांना घेऊन कशीबशी पोचेल, तिथे शेषाद्रीच्या अंगणात वायर लावायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. फक्त निघताना गाडी काठोकाठ भरलेली पाहिजे.

आता आदल्या दिवशी आयुधपूजा. गावभर गाड्या धुतल्या जात होत्या, चाकांखाली लिंबं ठेवली जात होती, दारोदार कुंकू भरलेले कोहळे फुटत होते. नंजुंडय्यांनीही गाडी धुतली, हार घातला, कोहळा फोडला. मग त्यांना भरून आलं. ज्या वायरने आपल्याला आयुष्यभर पोसलं, आणि आता गाडीला पोसते, तिची पूजा नको? त्यांनी चार्जिंगची वायर गुंडाळून देवासमोर पाटावर ठेवली, विळी, स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर यांच्या मधोमध. तिला गंध, कुंकू, फूल, अक्षता. नमस्कार करून उठले, तांबूल घेतला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी अर्धीच भरली आहे.

पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, वापरायचं तर नाहीच. त्या दिवशी न्हावी वस्तरा उचलत नाही आणि सुतार रंधा उचलत नाही. नंजुंडय्या पाटाभोवती घिरट्या घालू लागले. देवाला कळणार नाही, असं त्यांना वाटलं असेल, पण गुंडण्णांना नक्की कळलं असतं. शेवटी ते म्हणाले, “नुसतं टोक लावू? बाकीची वायर पाटावरच राहील.”

विशालाक्षम्मांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते वर्तमानपत्र घेऊन बाहेर जाऊन बसले.

सकाळी उत्तरपूजा आटोपताच वायर खिडकीतून खाली गेली. थोडा वेळ भरली, मग दसऱ्याच्या मुहूर्तावर लाइट गेले. काटा पाऊणच्या आसपास थांबला. नंजुंडय्या गाडीपाशी उकिडवे बसले आणि वजन कमी करू लागले. आधी स्टेपनी काढली. मग जॅक. मग अम्मासाठी केलेल्या ओबट्टूंचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा काढला, मग पाण्याची बाटली. शेवटी ती जाडजूड वायर काढली आणि तीही एका पिशवीत भरली. तरी हिशेब बसेना. मग त्यांनी चष्मा पुसला.

“विशालू, असं करू. मी गाडी घेऊन पुढे जातो. तू पिशव्या घेऊन बसने ये.”

विशालाक्षम्मांनी पिशव्यांकडे पाहिलं. सगळं आयुष्य पिशव्या घेऊन बसने गेलं आणि आज स्वतःची गाडी असताना पुन्हा तेच. अम्मा रेशमी साडी नेसून दारात बसली असेल, गाडीतून जावई उतरेल, आणि लेक मागाहून स्टँडवरून धूळ खात येईल. पण त्यांनीही इतके महिने हाच हिशेब रोज ऐकला होता.

“अहो,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमचं वजन किती?”

नंजुंडय्यांनी खरं सांगितलं. आकड्याच्या बाबतीत ते कधी खोटं बोलत नसत.

“आणि माझं?”

त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, मग बोटांवर केली, मग गुंडण्णांच्या ओट्यावर खडूने मांडली. सगळीकडे उत्तर एकच येत होतं. गुंडण्णा वाकून बघत म्हणाले, हिशेब बरोबर आहे हो, तुमच्या एकात ही माउली दोनदा बसेल. नंजुंडय्यांनी किल्ली काढून बायकोच्या हातावर ठेवली, ओबट्टूंचा डबा आणि वायरची पिशवी उचलली आणि ते कलासीपाळ्याच्या स्टँडकडे चालू लागले. वळणावर थांबून त्यांनी ओरडून सांगितलं, पंखा लावू नकोस.

विशालाक्षम्मा पंखा न लावता मागडीला पोचल्या. चढ आला, उतार आला, कुणी ‘उतर’ म्हणालं नाही. काटा तांबड्या रेघेवर आला तेव्हा माहेरचं दार समोर होतं. सणाच्या गर्दीत नंजुंडय्यांच्या दोन बसेस चुकल्या असाव्यात, कारण त्यांचा पत्ता नव्हता. आणि वायर त्यांच्यापाशी.

शेषाद्री म्हणाला, “अक्का, भावजी येऊ देत. गाडी भरू, मग फिरव अम्माला.”

शहाणपणाचं बोलणं होतं. पण अम्मा उंबऱ्यात उभी होती. निळी रेशमी साडी, केसांत अबोली, हातात काठी. तिने गाडीला हात लावून पाहिला, डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं. “केवढीशी आहे गं,” ती म्हणाली, “आपल्या दोघींपुरती.” विशालाक्षम्मांनी दार उघडून तिला आत बसवलं.

गाडी पेठेपर्यंत गेली. ऐन पेठेत, मिठाईवाल्याच्या दुकानासमोर, ती एकदा उसासली आणि थांबली. आवाज आधीही नव्हता, त्यामुळे अम्माला फरक कळला नाही. तिला वाटलं, लोकांनी बघावं म्हणून लेकीने मुद्दाम थांबवली. तिने काच खाली करायला लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना एकेकीला हाका मारून सांगू लागली, ही माझ्या विशालूची गाडी. बायका आल्या, कुणी फूल दिलं, कुणी हळदकुंकू लावलं. विशालाक्षम्मा स्टिअरिंग धरून घामाघूम होऊन बसल्या होत्या. हसावं की रडावं त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात मागे बसचा हॉर्न वाजला. रस्ता अरुंद, गाडी मधोमध, बस अडली. बसमधून हातात डबा आणि खांद्यावर पिशवी घेतलेले नंजुंडय्या उतरले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. फेरी मारायची काय घाई होती, असंच ते विचारणार होते. पण अम्माने खिडकीतून त्यांचा हात धरला.

“जावईबापू, फार चांगली गाडी घेतलीत,” ती म्हणाली. “धक्का नाही, आवाज नाही.”

नंजुंडय्यांनी तोंड मिटलं. डबा आणि पिशवी मागच्या सीटवर ठेवली, धोतर खोचलं आणि ते मागे गेले. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, आणि सणाला निघालेले पाच-सहा उतारू हसत हसत येऊन गाडी ढकलायला लागले. गाडी हलली. अम्माने समाधानाने पाठ टेकली. विशालाक्षम्मांना आरशात नवऱ्याचा लालबुंद चेहरा दिसत होता.

“घर जवळ आलं का गं?” अम्माने विचारलं. “मग आधी देवळावरून घे.”

विशालाक्षम्मांनी गाडी देवळाच्या रस्त्याला वळवली.